सातवा सोबती

पहिला दिवस : बद्रीनाथ आणि माणा

हिमालयातल्या सतोपंथ तळ्याला जाणाऱ्यानं बद्रीनाथला एक अख्खा दिवस काढावा. जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर, बद्रीनाथ ३,१०० मीटरवर. गाडी हा चढ दोन-अडीच तासांत संपवते, पण शरीराला तेवढ्यात सवय होत नाही. आणि पुढे आम्हाला ४,६०० मीटरपर्यंत जायचं होतं. आमचा वाटाड्या इथल्या माणा गावचाच, भोटिया या डोंगरी जमातीतल्या घरातला तिशीतला मुलगा. त्यानं फोनवरच बजावलं होतं की घाईनं वर निघणारे लोक तिसऱ्या दिवशी डोकं धरून खाली येतात.

आम्हाला तो दिवस तसाही हवाच होता. सकाळी ब्रह्मकपाळला गेलो. मंदिरापासून अलकनंदेच्या काठानं थोडं उत्तरेला गेलं की ही जागा लागते. इथे पिंडदान केलं की त्या जिवासाठी पुन्हा कुठे करावं लागत नाही, अशी श्रद्धा आहे. आई पौषात गेली. "जमलं तर बद्रीला करा," एवढंच ती म्हणाली होती, तेही एकदाच. दादाचा विधींवर विश्वास नाही, पण आईच्या शब्दावर आहे. पितृपक्ष नुकताच संपला होता, त्यामुळे गर्दी ओसरली होती आणि गुरुजींनाही घाई नव्हती.

आईचा पिंड ठेवून झाला, मग बाबांचा, मग आजी-आजोबांचे. शेवटी एक पिंड ज्यांच्यामागे कुणीच नाही त्यांच्यासाठी : ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाहीत, त्यांनीही यातून तृप्त व्हावं. त्यानंतर गुरुजींनी कुत्र्यांच्या नावानं एक घास बाजूला काढला आणि यमाच्या दोन कुत्र्यांची नावं घेतली, श्याम आणि शबल.

ही दोघं फार जुनी आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौदाव्या सूक्तात ती येतात. सरमा या देवांच्या कुत्रीची पिल्लं, चार डोळ्यांची, ठिपक्याठिपक्यांची. आधी मेलेल्या माणसाला सांगितलंय की या दोघांना मागे टाकून चांगल्या वाटेनं पुढे धाव. आणि लगेच पुढच्या ऋचेत यमालाच विनवलंय : तुझे हे जे वाटेचे राखणदार कुत्रे आहेत, त्यांच्या हवाली याला कर, आणि याचं कल्याण होऊ दे. ज्याला भ्यायचं त्याच्याच स्वाधीन आपलं माणूस करायचं. गेल्या काही महिन्यांत मी ते सूक्त पुन्हा पुन्हा वाचलंय, आणि दर वेळी या दोन ऋचांमध्ये थबकलेय.

दुपारी तीन किलोमीटरवरच्या माण्याला जाऊन आलो. पूर्वी गावाच्या वेशीवर 'भारताचं शेवटचं गाव' अशी पाटी होती, २०२३पासून ते 'पहिलं गाव' झालं. बद्रीनाथचे दरवाजे हिवाळ्यात बंद झाले की अख्खं गाव खालच्या वस्त्यांवर उतरतं. इथला हिवाळा किती कठोर आहे हे २८ फेब्रुवारी २०२५ला सगळ्यांना कळलं. माण्याजवळ सीमेकडच्या रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर हिमकडा कोसळला आणि ८ जण गेले. वाटाड्यानं लांबूनच बोटानं ती बाजू दाखवली, आम्ही काही विचारलं नाही आणि त्यानंही पुढे काही सांगितलं नाही.

माण्यात व्यासगुंफा आहे आणि थोडी खाली गणेशगुंफा. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं ते इथेच, असं मानतात. जवळच सरस्वती खडकांतून प्रचंड आवाज करत बाहेर येते. तिच्यावर आडवा पडलेला धोंडा म्हणजे भीमपूल, द्रौपदीला ओलांडता यावं म्हणून भीमानं टाकलेला. जिथे ही गोष्ट लिहिली गेली म्हणतात, तिथून तिचा शेवट जेमतेम तीन दिवसांच्या चालीवर आहे, हे नकाशावर कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरा दिवस : लक्ष्मीवन

सकाळी मंदिराच्याच तीरानं निघालो. समोर पलीकडे माणा, आणि अलीकडे वाटेवर मातामूर्तीचं छोटं देऊळ. ही नर-नारायणांची आई. भाद्रपदातल्या वामन द्वादशीला बद्रीनाथांचे प्रतिनिधी म्हणून उद्धवजी इथे आईला भेटायला येतात, त्या दिवशी मोठी जत्रा भरते. आम्ही पोचलो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. पायऱ्यांवर एक कुत्रा बसला होता.

मोठा, काळाभोर, मानेभोवती दाट केस, पाय तपकिरी. गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा, मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना घालतात तसला. बिबट्या कुत्र्याची मान धरतो, म्हणून तो पट्टा. तोंडाजवळचे केस पांढरे झालेले. आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तपकिरी ठिपका.

"चार डोळे," दादा हळूच म्हणाला.

तो उठला, अंग झाडलं आणि आमच्यापुढे चालू लागला. आम्ही त्याला बोलावलं नव्हतं, खायलाही काही दिलं नव्हतं. वाटाड्या म्हणाला, "ये कालू है. ये तो आएगा ही." कालू माण्यातल्या एका घरचा आहे. दर मोसमात कुणा ना कुणाबरोबर तो वर जातो, तळ्यापर्यंत जाऊन परत येतो. कुणाबरोबर जायचं ते तोच ठरवतो.

लक्ष्मीवनापर्यंतची वाट सोपी आहे, लांब आहे एवढंच. कुरणं, मध्येच ओढे, उजव्या हाताला खोल अलकनंदा, आणि पलीकडच्या कड्यावरून पडणारी वसुधारा. तिची उंची १२२ मीटर आहे. वाऱ्यानं तिची धार मधूनच मोडते आणि पाणी खाली पोचण्याआधीच उडून जातं. पापी माणसाच्या अंगावर तिचा थेंब पडत नाही म्हणतात. त्या समजुतीपेक्षा मला तो वारा जास्त खरा वाटला.

चालता चालता महाप्रस्थानाची गोष्ट निघणारच. त्यासाठीच तर ही वाट ओळखली जाते. महाभारताचं सतरावं पर्व, महाप्रास्थानिक, फक्त तीन अध्यायांचं. इतक्या अवाढव्य ग्रंथात शेवटच्या प्रवासाला एवढीशी जागा. पाच भाऊ, सहावी द्रौपदी, आणि सातवा एक कुत्रा, हस्तिनापुराहून आपणहून मागे लागलेला. ते थेट हिमालयात येत नाहीत. आधी पूर्वेला समुद्रापर्यंत जातात, तिथे अर्जुन गांडीव सोडतो. मग दक्षिणेला, मग पश्चिमेला बुडालेली द्वारका पाहतात. सगळ्या देशाला प्रदक्षिणा घालून मग उत्तरेला वळतात. हिमवान ओलांडतात, पुढे वाळूचा समुद्र, आणि मग मेरू. मूळ गोष्टीत एवढंच आहे. कोण कुठे पडलं याच्या जागा नंतर लोकांनी या वाटेवर ठरवल्या, आणि त्या सांगणाऱ्यागणिक बदलतात.

आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, मग नकुल, अर्जुन, भीम. प्रत्येक वेळी भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला. युधिष्ठिर कारण सांगतो : हिचं अर्जुनावर जास्त प्रेम होतं, याला आपल्या शहाणपणाचा गर्व होता, त्याला रूपाचा, एका दिवसात सगळे शत्रू जाळीन म्हणणाऱ्याला शौर्याचा. कारण सांगतो आणि मागे न बघता चालत राहतो.

"हे मला कधीच पटलं नाही," दादा म्हणाला. "माणूस पडलंय आणि हा हिशोब सांगतोय."

मी काही बोलले नाही, कारण माझं लक्ष कालूकडे होतं. तो आमच्या पन्नासेक पावलं पुढे चालायचा. प्रत्येक वळणावर थांबायचा, मान वळवून बघायचा. दादा आणि मी दिसलो तरी हलायचा नाही. आमच्या मागे सामान घेऊन येणारे दोघे दिसले की मगच पुढे. एकदा त्यातला एक बुटाची नाडी बांधायला खाली बसला, तर कालू उलटा आला, त्याच्यापाशी उभा राहिला आणि तो उठल्यावर पुन्हा पुढे गेला. पिढ्यान्‌पिढ्या कळप राखलेलं जनावर आहे, कळपातलं कुणी मागे राहिलेलं त्याला चालत नाही. त्याच्या लेखी आम्ही मेंढ्याच. मला त्या दिवशी मेंढी होण्यात फार सुख वाटलं.

लक्ष्मीवनात भूर्जांची झाडं आहेत, भोज म्हणतात त्यांना इकडे. कागदासारखे पापुद्रे सुटणारी पांढरट साल. शतकानुशतकं पोथ्या लिहिल्या त्या हिच्यावर. या उंचीवर झाडांची हद्द संपत येते, पुढे नुसतं गवत आणि मग दगड. संध्याकाळी कालूला पोळ्या घातल्या. त्यानं सावकाश खाल्ल्या आणि आमच्याकडे पाठ करून, दरीकडे तोंड करून बसला.

तिसरा दिवस : चक्रतीर्थ

लक्ष्मीवन सोडलं की समोर दोन हिमनद्या येऊन मिळतात, भागीरथ खरक आणि सतोपंथ. त्यांच्या मुखातून अलकनंदा निघते. या जागेला अलकापुरी म्हणतात, कुबेराच्या नगरीचं नाव. हिमनदी म्हटलं की पांढरंशुभ्र काही डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात दिसतो तो दगडमातीचा करडा पसारा, आणि कुठे कडा तुटला असेल तिथे आतला काळपट बर्फ. वरचा दगडांचा थर जाड असला की खालचा बर्फ सावकाश वितळतो, पातळ असला की भराभर. त्यामुळे सगळा पृष्ठभाग वरखाली, खड्ड्यांचा, मध्ये मध्ये तळी साचलेला. रात्रंदिवस कुठे ना कुठे दगड घरंगळत असतात.

वाट हिमनदीच्या कडेच्या धारेवरून चढते. डावीकडे सहस्रधारा, नीलकंठाच्या बाजूच्या कड्यांवरून उतरणाऱ्या असंख्य पाण्याच्या रेघा. त्यांच्याविषयी खूप लिहिता येईल, पण मी त्या दिवशी मान खाली घालून पाऊल मोजत होते, त्यामुळे जेवढं पाहिलं तेवढंच सांगते. दुपारी चक्रतीर्थाच्या हिरव्या पठारावर तंबू लागले. समोर चौखंबा, ७,१३८ मीटर, चार शिखरांचा. पाठीशी नीलकंठ, ६,५९६.

त्या रात्रीविषयी मात्र सविस्तर लिहायचं आहे.

मला झोप लागत नव्हती. शेजारी दादा गाढ झोपला होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. आधी उथळ, मग जरा खोल, मग फार खोल, जोरात, मग पुन्हा उथळ, अगदी बारीक, आणि बंद. पूर्ण बंद. मी मनात आकडे म्हणू लागले. दहाच्या पुढे गेल्यावर एक मोठा उसासा आला आणि पुन्हा तेच चक्र.

हा श्वास माझ्या ओळखीचा होता. आईचं हृदय दोन वर्षं थकत गेलं. शेवटच्या आठवड्यांत ती झोपली की असाच श्वास घ्यायची. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं, चेन-स्टोक्स श्वसन. डब्लिनमधल्या दोन डॉक्टरांची ही नावं. जॉन चेन यांनी १८१८मध्ये त्याचं वर्णन केलं आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४मध्ये. आम्ही दोघं पाळीपाळीनं आईच्या उशाशी बसायचो आणि त्या थांबलेल्या वेळात आकडे मोजायचो. एकमेकांना कधी सांगितलं नाही, पण दोघंही मोजायचो.

उंचीवर धडधाकट माणसालाही झोपेत असं होतं, हे मी वाचून आले होते. हवा विरळ असते म्हणून आपण जास्त जोरानं श्वास घेतो. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. आणि श्वास घे म्हणून मेंदू जो हुकूम देतो तो मुख्यतः या कार्बन डायऑक्साइडवरूनच. तो कमी झाला की झोपेतला मेंदू गप्प बसतो. मग तो साठत जातो, प्राणवायू घटतो, आणि मेंदू खडबडून जागा होतो. थकलेल्या हृदयाच्या माणसात रक्त हळू फिरतं, फुप्फुसातला निरोप मेंदूपर्यंत उशिरा पोचतो, आणि तसंच चक्र सुरू होतं. म्हणजे आईचा श्वास आणि दादाचा श्वास ऐकायला एकच. एक माणूस सकाळी उठून चहा मागणार होता.

सगळं माहीत असूनही माझे हातपाय गार पडले. मरणाची भीती म्हणतो ती मला त्या रात्री नीट दिसली. ती मरणाची नव्हतीच. दोन श्वासांच्या मधल्या रिकाम्या जागेची होती. पुढचा श्वास येईल की नाही याचं आश्वासन त्या जागेत कुणीच देत नाही. आईच्या बाबतीत शेवटचे काही आठवडेच ती जागा इतकी मोठी झाली की आम्हाला ऐकू आली. एरवी ती माझ्यातही आहे, दादातही. प्रत्येक श्वासानंतर आहे. आपण ती ऐकत नाही एवढंच.

तंबूच्या माझ्या बाजूच्या कापडाला बाहेरून एक फुगवटा आला होता. कालू टेकून झोपला होता. मी हात लावला तर कापडातून ऊब लागली. त्याचा श्वास एकसारखा चालला होता, कुठेही न थांबता. मग मी दादाचे आकडे मोजणं सोडलं आणि त्या श्वासाला हात लावून पडून राहिले. पहाटेच्या सुमाराला तो एकदम उठून गुरगुरला, काही वेळ तंबूंभोवती फिरला आणि पुन्हा त्याच जागी येऊन टेकला. काय आलं होतं, माहीत नाही. बर्फ भुरभुरत होता.

चौथा दिवस : सतोपंथ

उजाडण्याआधी निघालो. चक्रतीर्थाच्या मागची धार सरळ उभी आहे, आणि तिच्या माथ्यावरून पलीकडे उतरलं की सगळे दगडच दगड. वर ताजा बर्फ. प्रत्येक दगडावर पाय ठेवायच्या आधी तो हलतोय का ते बघायचं. वाटाड्या पुढे जाऊन जागा दाखवायचा, आणि मधल्या एका पट्ट्यात त्यानं आम्हाला बोलायचीही मनाई केली. वरून दगड सुटतात, ते ऐकू यायला हवेत म्हणून. कालू मात्र त्या पसाऱ्यात वाटाड्याच्याही आधी वाट काढायचा. दोनदा तर वाटाड्या स्वतः थांबला, तो कुठून जातो ते पाहिलं आणि तिकडून आम्हाला नेलं.

४,६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या ६० टक्क्यांहूनही कमी असतो. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. असं करत शेवटचा उंचवटा चढलो आणि खाली तळं दिसलं.

तीन कोपऱ्यांचं, हिरवं, अगदी निश्चल. एकादशीला ब्रह्मा, विष्णू आणि महेश एकेका कोपऱ्यावर स्नानाला येतात, अशी समजूत आहे. पाण्यावर काडी पडली तरी पक्षी ती उचलून नेतात, असं वाटाड्यानं सांगितलं. त्यानं आम्हाला पाण्यापासून थोडं लांबच बसवलं, आणि बरं केलं. पलीकडे, चौखंब्याच्या अंगावर, बर्फाचे टप्पे एकावर एक चढत गेलेले दिसतात. त्यालाच इथे स्वर्गारोहिणी म्हणतात, युधिष्ठिर चढून गेला तो जिना. (याच नावाचं ६,२५२ मीटरचं शिखर उत्तराखंडातच दूर पश्चिमेला, हर की दून खोऱ्याच्या माथ्यावर आहे, आणि तिथल्या लोकांनाही पांडव तिकडूनच गेले असं वाटतं. मला दोन्ही खरं वाटायला काही अडचण नाही.)

कालू आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसला. तेव्हा दादा बोलला. पौषापासून जे बोलला नव्हता ते.

आई गेली त्या पहाटे आम्ही दोघंही तिच्याजवळ नव्हतो. मी गाडीत होते, आणि दादा मला आणायला स्टेशनवर आला होता. घरात होत्या त्या मावशी, रात्रीच्या कामाला येणाऱ्या. दोन वर्षं आईला उठवणं, बसवणं, कूस बदलणं, सगळं त्यांनी केलं. आम्ही दारात पोचलो तेव्हा त्या आईचा हात हातात धरून बसलेल्या होत्या. तेराव्यानंतर त्यांचे पैसे दिले, साडी दिली, आणि त्यानंतर दादानं त्यांना एकदाही फोन केला नाही.

"मला त्यांच्याशी बोलवत नाही," तो म्हणाला. "आईचा शेवटचा श्वास त्यांच्याकडे आहे. माझ्याकडे नाही."

मी त्याला काय सांगणार. मलाही तेच वाटत आलं होतं. आयुष्यभराचं माणूस, आणि शेवटच्या पायरीवर सोबतीला परकं कुणी तरी.

पण समोर तो जिना होता, आणि गोष्टीचा राहिलेला भाग तिथेच घडतो. भीमही पडल्यावर युधिष्ठिराबरोबर उरतो तो कुत्रा. ना रक्ताचा, ना राजघराण्यातला, कुणी न बोलावलेला. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, त्याला सोड. युधिष्ठिर सोडत नाही. मग इंद्र नेमकं तेच विचारतो जे दादानं परवा विचारलं होतं : भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग याला का सोडत नाहीस? यावर युधिष्ठिराचं उत्तर साधं आहे. मेलेल्यांशी आता मैत्री होत नाही की वैर होत नाही. मी त्यांना जिवंत करू शकत नव्हतो. ते गेल्यावर मी त्यांना सोडलं, जिवंत असताना नाही. हा माझ्या आश्रयानं आलेला आहे आणि जिवंत आहे. याला मी सोडणार नाही.

मी हे दादाला सांगितलं. लहानपणापासून मी ही परीक्षेची गोष्ट म्हणून ऐकली होती : कुत्रा म्हणजे साक्षात धर्म, युधिष्ठिर पास झाला, संपलं. तिथे त्या दगडांवर धाप टाकत बसल्यावर पहिल्यांदा कळलं की त्याच्या उत्तरात एक हद्द आखलेली आहे. अलीकडे जिवंत, पलीकडे गेलेले. पलीकडच्यांसाठी आपल्याला आता काही करता येत नाही, आणि ते न करता आल्याबद्दल कुणी आपल्याला विचारतही नाही. विचारणा होते ती अलीकडच्यांबद्दल. आईबरोबर आम्ही शक्य होतं तोवर चाललो. जिनं तिला शेवटची सोबत केली ती अजून हद्दीच्या अलीकडे आहे, रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी रात्रीच्या कामाला जाते आहे.

दादा बराच वेळ कालूच्या मानेतून हात फिरवत होता. मग म्हणाला, "महाभारत सुरूही कुत्र्यापासूनच होतं ना?"

होतं. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं पिल्लू येतं, त्यानं हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, डोळा वर करून पाहिलेलंही नसतं, तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाचा काय अपराध? कुणालाच उत्तर देता येत नाही. पहिल्या पर्वात निरपराध कुत्र्याला मार पडतो आणि सतराव्या पर्वात पांडवांतला थोरला एका कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो. मधे सगळं कुळ मरून गेलेलं असतं.

परतताना त्या दगडांत कालूचा पुढचा पंजा कापला. बर्फावर लाल ठिपके दिसले तेव्हा कळलं. दादानं पंजा कोमट पाण्यानं धुतला, पट्टी बांधली आणि वर स्वतःचा लोकरी मोजा चढवून चिकटपट्टीनं पक्का केला. कालूनं मुकाट करू दिलं. वाटाड्या म्हणाला, "चलो दीदी, ये अपने आप आ जाएगा," आणि ते खरंच होतं, तो आपला आपण आला असता. पण ढग उतरत होते आणि तरीही दादा त्याच्याच चालीनं चालला. शेवटच्या उतारावर पहिल्यांदाच उलटं झालं : दादा पुढे जायचा, थांबायचा, मागे वळून बघायचा, आणि तीन पायांवर भार टाकत कालू यायचा. चक्रतीर्थाला पोचेपर्यंत अंधार पडला होता.

पाचवा दिवस : परत माणा

उतारावर लिहिण्यासारखं फार नाही. चक्रतीर्थाहून थेट खाली आलो, लक्ष्मीवनात फक्त चहापुरते थांबलो. मोजा कधीच फाटला होता, पण कालूचं लंगडणं कमी झालं होतं. खाली येऊ तसतसा श्वास भरत गेला आणि आम्ही दोघं खूप बोललो, आईविषयी, आणि कितीतरी वेळा हसलोसुद्धा. ती गेल्यापासून आम्ही तिच्या आजाराविषयीच बोलत होतो, तिच्याविषयी नाही.

मातामूर्तीच्या थोडं अलीकडे सात-आठ जणांचा एक गट वर निघालेला भेटला. मला वाटलं, कालू त्यांच्याबरोबर जाणार. तो त्यांच्यापाशी गेला, हुंगलं, दोघांकडून थोपटून घेतलं आणि परत आमच्यात आला. वाटाड्यानं त्याला घरी पोचवायचं कबूल केलं, पंजा भरेपर्यंत बांधून ठेवा असा निरोपही दिला. "आठ-नऊ साल का हो गया," तो म्हणाला, "अब कितने चक्कर बचे हैं इसके." एवढ्या मोठ्या अंगाचे कुत्रे दहा-बारा वर्षांच्या पुढे क्वचितच जातात, लहान जातींपेक्षा लवकर म्हातारे होतात. दादानं त्याच्या गळ्यात हात घालून डोकं टेकवलं. मी जरा लांब उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि मला ते येऊ द्यायचं होतं.

बद्रीनाथला फोन लागला. दादानं मावशींना फोन केला आणि स्पीकरवर ठेवला. त्या आधी घाबरल्याच, काय झालं म्हणून. मग दादानं विचारलं, "मावशी, त्या रात्री आई काही बोलली का?"

त्या सांगू लागल्या, न थांबता, जणू कधीपासून कुणी विचारेल याची वाट बघत होत्या. आईनं तीनच्या सुमाराला पाणी मागितलं. दोन चमचे घेतलं. दिवा डोळ्यांवर येतोय म्हणाली, म्हणून त्यांनी तो विझवून स्वयंपाकघरातला लावला. मग विचारलं, पोरं आली का. मावशी म्हणाल्या, गाडी आली की येतीलच. "बरं," म्हणाली आणि त्यांचा हात धरला. पुढे काही बोलली नाही. "त्रास नाही झाला हो दादा त्यांना. मी होते ना. सोडला नाही हात."

दादाला बोलता येईना, म्हणून मग मीच बोलले. पौषात वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचं, पहिलं पान तुमचं, असं सांगितलं. त्या एकदम संकोचल्या. म्हणाल्या, "अहो, पण माझी रात्रपाळी असते. ते काम सुटून घरी जाऊन यायचं म्हणजे बारा तरी वाजतील ताई, तुमचा खोळंबा होईल."

दादानं फोन हातात घेतला. "वाजू देत," तो म्हणाला. "आम्ही थांबतो."